सरांसोबत ग्योंगजूला जाण्याआधी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही सर्व कुशल आहोत. शैलाचा खांदा अधूनमधून दुखतो, एवढेच. पुष्कळ दिवसांनी लिहीत आहे, कारण घरात कोणाशीही नीट बोलता येत नाही असा एक प्रश्न पडला आहे आणि तो तुलाच कळेल. सर आमच्याबरोबर कोरियाला यायला तयार झाले आहेत.

मुक्ता बुसानला असते म्हणून आम्ही ऑक्टोबरात तिच्याकडे जाणार आहोत, हे मी त्यांना सहज सांगितले होते. त्यावर त्यांनी एकच विचारले, "तिथून सोक्कुराम किती लांब?" बुद्धाचे ते दगडी गुहामंदिर ग्योंगजू शहराजवळ आहे आणि बुसानहून वेगवान गाडीने ग्योंगजू अर्ध्या तासावर आहे, हे ऐकल्यावर ते उठून आत गेले आणि कान्हेरीची ती जुनी वही घेऊन आले. एकेचाळीस क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, त्या वहीत त्यांनी किती निगुतीने रेखाटला आहे, ते तू पाहिलेच आहेस. आपल्या देशात तशी मूर्ती दुर्मीळ. आणि सोक्कुरामात मुख्य बुद्धाच्या पाठीमागच्या भिंतीवर अकरा मस्तकांचाच अवलोकितेश्वर कोरलेला आहे. या दोघांना एकदा मनात शेजारी उभे करून पाहायचे, ही सरांची फार जुनी इच्छा आहे.

दोन दिवसांचा बेत मी असा आखला आहे. पहिल्या दिवशी सकाळी बुलगुक्सा हे बौद्ध मंदिर आणि तिथून बसने तोहामसान डोंगरावर सोक्कुराम. बसथांब्यापासून झाडीतली पायवाट बरीचशी सपाट आहे. शेवटी मात्र पायऱ्या आहेत, आणि त्या सरांना एका दमात जमणार नाहीत, म्हणून दुपार पूर्ण मोकळी ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय, तिथली 771 सालची, सुमारे 19 टन वजनाची प्रचंड घंटा, मग थडग्यांच्या हिरव्या टेकड्या आणि अंधार पडल्यावर वोल्जी तलाव. इ. स. पूर्व 57 ते इ. स. 935 एवढा काळ जे शहर सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याची राजधानी होते, त्याला दोन दिवस अपुरेच आहेत. तू सोबत असतास, तर सकाळच्या न्याहारीपूर्वीच तीन स्थळे आटोपली असतीस आणि सरांच्या डब्यातले थालीपीठही संपवले असतेस.

मुक्ताने मागे दहा वॉनचे नाणे पाठवले होते. तांबूस, आपल्या जुन्या पैशाएवढे हलके; त्यावर बुलगुक्साचा दाबोताप स्तूप आहे. सरांनी भिंग लावून स्तूपावरचा इवलासा सिंह शोधून काढला आणि सांगितले, की मुळात चार सिंह होते, आज एकच उरला आहे. ते नाणे आता त्यांच्या चष्म्याच्या घरात असते.

आता माझी खरी काळजी ऐक. सोक्कुरामच्या गाभाऱ्यात जाता येत नाही. समोर काच आहे. तिच्यामागे साडेतीन मीटरांचा, भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध बसला आहे आणि पाहणारा काचेशीच थांबतो. आपल्याकडे डोंगरातून दगड काढत काढत लेणे झाले. तिथे ग्रॅनाइटच्या शिळा घडवून, रचून, घुमट उभारून त्यावर माती घातली. जपानी राजवटीत 1913 ते 1915 मध्ये ते सुटे करून पुन्हा रचताना बाहेरून सिमेंट वापरले, तेव्हापासून आत दमटपणा साचू लागला, आणि शेवटी यंत्राने हवा कोरडी ठेवणे व काच लावणे भाग पडले. मूर्ती जपायची तर हे हवेच, यात मला शंका नाही. परंतु अवलोकितेश्वर नेमका बुद्धाच्या पाठीशी असल्याने काचेतून तो दिसतच नाही. ज्याच्यासाठी सर येत आहेत, तोच त्यांना दिसणार नाही.

सरांनी वाचले आहे ते जुन्या ग्रंथांतले, जुनी छायाचित्रे पाहून. काचेचे त्यांना ठाऊक नसावे, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. हे आधी सांगावे का? कान्हेरीहून बोरिवलीला परतताना आपण तासभर भांडलो होतो, आठवते? तू म्हणत होतास, की मूर्तीसमोर कोरे जावे. मी म्हणत होतो, की जाणून जावे. तेव्हाही सरांनी निकाल दिला नाही, फक्त दोघांना चहा पाजला. आज मात्र मला तुझ्या बाजूने बोलावेसे वाटते, आणि त्याचीच भीती वाटते. कारण कोरे जाऊन त्या काचेशी थबकलेले सर मला पाहवणार नाहीत.

एक वाट आहे. बुद्धजन्माच्या दिवशी, वर्षातून एकदा, भाविकांना आत फिरू देतात. कोरियात तो दिवस चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीला येतो, म्हणजे साधारण मे महिन्यात. पण त्या दिवशी गर्दी अपार, रांगेत उभे राहणे भाग, आणि सरांचे डॉक्टर ऑक्टोबरलाच कसेबसे हो म्हणाले आहेत. मेपर्यंत थांबा, असे एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

वहिनींची शाळा सुटली का, नवे घर मानवले का, आणि चिन्मयच्या लग्नाचे कुठवर आले, हे सविस्तर कळव. चिन्मयला आशीर्वाद.

रविवारी तू सरांना फोन करशीलच. त्यांना काचेचे ठाऊक आहे की नाही, एवढे बोलण्याच्या ओघात तूच काढून घे. तुझ्यापाशी ते मोकळे होतात. ठाऊक नसेल तर सांगायचे की नाही, हे तू ठरव, मी तसेच करीन. व्हिसाचे अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचे आहेत, आणि त्यात तारखा द्याव्या लागतात.

तुझा,
श्रीकांत