वाचला, पण धड नाही

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

माझा भाचा म्हापशाला मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने प्रवासी नेतो. गेल्या महिन्यात पर्वरीजवळ त्याची गाडी सांडलेल्या खडीवरून घसरली. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होता, ‘पायलट सेफ’. मी तो वाचला तेव्हा भाचा समोर खाटेवर होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि माझी बहीण त्याला चमच्याने पेज भरवत होती. हेल्मेटची चीर मी बोटाने चाचपून पाहिली. कानापासून कपाळापर्यंत गेली होती. डोकं वाचलं ही देवाची कृपा. पण याला सेफ म्हणायचं?

मी शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून हा शब्द मला फार लागला. ‘सेफ’ हा जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘साल्वुस’. त्याचा अर्थ अख्खा, कुठेही न दुखावलेला. संस्कृत ‘सर्व’ याच मुळाचा. वेदातल्या ‘सर्व’ला ‘सगळे’बरोबर ‘अखंड’ हाही अर्थ आहे. गोव्यात तर हा शब्द इंग्रजीच्या आधी पोर्तुगीजांबरोबर आला. ‘साल्वार’ म्हणजे वाचवणे. बार्देशातल्या आमच्या गावाचं नावच साल्वादोर द मुंद, जगाचा तारणहार.

मराठीत आपण ‘सेफ’ला सरसकट ‘सुरक्षित’ म्हणतो. पण ‘सुरक्षित’च्या पोटात ‘रक्ष’ धातू आहे, म्हणजे कोणीतरी राखलेलं. त्या खडीवर ना फलक होता, ना दिवा. माझ्या भाच्याला तिथे कोणी राखलं? ‘सेफ’ शब्द राखणाऱ्याचं विचारतच नाही, माणूस अख्खा आहे का तेवढंच विचारतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘धड’. अपघाताच्या रात्री बहिणीने फोनवर तोच वापरला होता: “वाचला गं, पण धड नाही.”

माझी कळकळीची विनंती आहे, जीव वाचला असेल तर ‘जीव वाचला’ लिहा, हाड मोडलं असेल तर ‘जखमी’ लिहा. ‘सेफ’ वाचून ओळखीच्या कोणी साधी चौकशीही केली नाही. पायलटाचं पोट त्याच्या हातावर असतं. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत आणि गाडी तोवर अंगणात झाकून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
साल्वादोर द मुंद, बार्देश