आपल्या रंगमंचावर जुनी मंडळी पुन्हा उभी राहणार : गावकऱ्यांना मदतीचे आवाहन

मायबाप रसिकहो, सप्रेम नमस्कार.

येत्या माघात, महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी आणि रविवारी, गुजरी चौकातल्या आपल्या रंगमंचावर झाडीपट्टीतली, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली, जुनी, जाणती कलावंत मंडळी कला सादर करणार आहेत. शनिवारी दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्ये, रविवारी तीन अंकी संगीत नाटक. नट, शाहीर, गायिका आणि वादक मिळून १८ जणांनी होकार दिला आहे. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, दोघे तर पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. हे दोन्ही कार्यक्रम नीट पार पडावेत म्हणून गावाने, आणि पोटासाठी गाव सोडून गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांनी, हातभार लावावा ही विनंती.

धान चुरून घरात आले, भाऊबीज झाली, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली की वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड, लाखांदूर या साऱ्या पट्ट्यात नाटकाचे मंडप लागतात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. कितीतरी लग्नांची पहिली बोलणी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता झाली आहेत. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, बंदी होती, २०१४ ते २०२१, त्या वर्षांतही नाटकाचा मंडप लागतच राहिला. कोरोनाने मात्र २०२०-२१ चा हंगाम बुडवला. त्या वर्षी कितीतरी कलावंत दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला गेले, काही रोजगार हमीच्या कामावर गेले. त्यातले वयस्क पुन्हा नाटक कंपनीत परतलेच नाहीत.

आज वडशातल्या नाट्यसंस्था जोमात आहेत, नवी मुले-मुली चांगले काम करतात, मुंबई-पुण्याचे कलावंतही हंगामात इकडे येतात. त्याचा आनंदच आहे. पण हा व्यवसाय ज्यांच्या जिवावर उभा राहिला, ती माणसे आज घरच्या ओसरीवर बसून आहेत. भाऊबीजेला घर सोडायचे, रात्री दहाला तोंडाला रंग लावायचा, पहाटे उतरवायचा, गाडीत झोपायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. होळीला घरी परत. उरलेले वर्ष शेती नाहीतर मजुरी. असे तीस-तीस, चाळीस-चाळीस हंगाम त्यांनी काढले. आपल्या आई-वडिलांना त्यांनी हसवले, रडवले, आणि आपल्यातले कितीजण त्याच मंडपात आईच्या मांडीवर झोपी गेलो असू.

कार्यक्रम ठरवायला आपल्या नाट्य मंडळाची माणसे या कलावंतांच्या घरी गेली. एका जुन्या नटाकडे पत्र्याची पेटी आहे. तिच्यात त्यांनी केलेल्या भूमिकांच्या नकला, म्हणजे संवादांच्या प्रती, सगळ्या हाताने उतरवलेल्या, शाळेच्या वह्यांवर, कडेला लाल शाईने गाण्याची जागा दाखवलेली. काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. त्यांनी एक वही उघडली, चष्मा न लावता पहिला प्रवेश म्हणायला सुरुवात केली आणि समोरच्या पात्राची वाक्येसुद्धा स्वतःच म्हणत गेले. नातू दारात उभा राहून ऐकत होता. आजोबा नाटकात होते एवढे त्याला माहीत होते, आजोबांचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

एक ज्येष्ठ गायिका आहेत. बाईमाणसाने नाटकात काम करणे लोकांना रुचत नव्हते अशा काळात त्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांनी तोंड फिरवले ते सोसले, आणि त्या पैशातून दोन भावांना शिकवले. आज त्यांचा वरचा सूर पूर्वीसारखा लागत नाही, हे त्यांनीच सांगितले. पट्टी उतरवून गाईन, पण गाईन, असे म्हणाल्या. पेटीवाले मामा त्यांच्यासाठी आत्तापासून खालच्या पट्टीत तालीम करत आहेत. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे नीट वळत नाहीत, तरी त्यांनी सूर धरला की ओसरीवरची माणसे बोलायची थांबतात.

सुरुवातीला मंडळात विचार असा होता की जुन्या कलावंतांचा सत्कार करावा, शाल-श्रीफळ द्यावे, फोटो काढावा. ज्यांच्याकडे पहिल्यांदा हा विषय काढला ते दंडारीतले एक बुजुर्ग हात जोडून म्हणाले, ‘‘शाल नोका देऊ बापा, काम द्या.’’ त्या दिवसापासून सगळी आखणी बदलली. त्यांना काम हवे आहे आणि कामाचे दाम हवे आहे. म्हणून प्रत्येक कलावंताला आणि वादकाला सारखेच ५,००० रुपये मानधन द्यायचे ठरले आहे, नायक असो की तुणतुणेवाला. ही रक्कम तोंडाला रंग लागण्याआधी त्यांच्या हातात पडेल.

याचसाठी तिकीट ठेवलेले नाही. तिकीटविक्रीवर मानधन अवलंबून ठेवले की काय होते ते यांनी भोगले आहे. अवकाळी पाऊस आला, मंडप भिजला, गल्ला भरला नाही, की आयोजक हात वर करायचे आणि माणसे रिकाम्या खिशाने परतायची. आपल्या गावात तसे होऊ द्यायचे नाही.

आता खर्चाचे. १८ जणांचे मानधन ९०,००० रुपये. रंगमंचाच्या दुरुस्तीला ४८,०००. ध्वनी, प्रकाश आणि जनरेटर ३५,०००. पडदे, वेशभूषा, रंगभूषा यांना १७,०००. कलावंतांचा प्रवास, जेवण आणि तालमींचा खर्च २०,०००. एकूण २,१०,००० रुपये लागतील. मंडळाची शिल्लक आणि सभासदांची वर्गणी मिळून ६४,००० जमले आहेत. राहिले १,४६,०००.

दुरुस्तीचा आकडा काहींना जास्त वाटेल, म्हणून सांगतो. मागच्या पावसाळ्याआधी आलेल्या वादळात छताचे सहा पत्रे उडाले, तेव्हापासून रंगमंच उघडाच आहे. पाणी झिरपून डाव्या बाजूची फरशी खचली आहे. नेमकी तिथूनच पात्रे आत येतात. तरुण पोरगा उडी मारून जाईल, पंचाहत्तरीच्या माणसाचा पाय तिथे मुरगळला तर? मागच्या पायऱ्यांना कठडा नाही, तोही बसवायचा आहे. हे काम एकदा झाले की गणपती, शारदा, शाळेचे स्नेहसंमेलन, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. कार्यक्रम माघात आहे, तेव्हा फरशीचे काम पौष संपायच्या आत उरकले पाहिजे. म्हणून पहिली गरज या पैशाची आहे.

यंदा एक गोष्ट वेगळी आहे, ती आधीच सांगून ठेवतो. झाडीपट्टीत नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपते, ती मजा आम्हालाही ठाऊक आहे. पण कलावंतांची प्रकृती, माघातली थंडी आणि ध्वनिक्षेपकाच्या वेळेचा नियम पाहून दोन्ही दिवशी कार्यक्रम सायंकाळी ६ वाजता सुरू होईल आणि १० वाजता माइक बंद होईल. रविवारचे नाटक चार तासांत बसवायला काही प्रवेश गाळावे लागले. कोणते गाळायचे ते कलावंतांनीच ठरवले, आणि गाणे मात्र एकही काढू दिले नाही. आणखी एक कारण आहे. जंगलाकडच्या टोल्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, येणाऱ्या लोकांना रात्री परतताना वाघाचा धोका असतो. एकट्या-दुकट्याने पायी किंवा सायकलने कोणीही जाऊ नये. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी दोन्ही रात्री ती मंडळाकडे द्यावी, डिझेल मंडळ देईल. म्हाताऱ्या माणसांना घरापर्यंत पोचवून द्यायची जबाबदारी आम्ही घेतली आहे.

पैसे आत्ता सगळ्यांकडे नाहीत हे आम्हाला कळते. आधारभूत केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, कितीतरी घरी अजून आलेले नाहीत. त्यांनी मनात संकोच ठेवू नये. पायलीभर तांदूळ दिला तरी तो कलावंतांच्या जेवणाला लागणार आहे. तूर, लाखोळी, भाजीपाला, सरपण, जे घरचे असेल ते चालेल. जमिनीवर बसणाऱ्यांच्या सतरंजीखाली अंथरायला चार गाड्या तनस (धानाचा पेंढा) लागेल. बांबू लागतील. आठ दिवस रोज दोन तास श्रमदानाला येणारी वीस पोरे लागतील. गवंडीकाम येणाऱ्यांनी एक-एक दिवस दिला तर दुरुस्तीचा खर्च बराच खाली येईल. बाहेरगावचे ११ कलावंत दोन रात्री मुक्कामी राहणार आहेत. ज्या घरी वेगळी खोली आणि घरालगत संडास आहे त्यांनी एकेका कलावंताला पाहुणा म्हणून ठेवून घ्यावे. काहींना शुगर आहे, काहींना तिखट चालत नाही, ते आम्ही आधी सांगू. बचत गटातल्या ताईंना विनंती की आलुबोंडा, चना-पोहा आणि चहाचे ठेले तुम्हीच लावा, जागेचे भाडे घेतले जाणार नाही.

आणि एक मदत अशी आहे जिला एक रुपयाही लागत नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून तीत दरमहा ५,००० रुपये मिळतात. आपल्या १८ जणांपैकी ७ जणांना ते मिळत नाही. अर्ज करायचा तर इतकी वर्षे कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि या माणसांकडे पुरावे नाहीत. पावसात घर गळले, पत्रके गेली, फोटो कोणी नेले ते परत आले नाहीत. पण तुमच्या घरी असतील. जुन्या नाटकाचे हँडबिल, तिकिटाचा तुकडा, मंडपातला फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण, निमंत्रणपत्रिका, कपाटाच्या तळाशी, धान्याच्या कोठीमागे, आजीच्या ट्रंकेत एकदा पाहा. मंडळ त्याची प्रत काढून मूळ कागद तुम्हाला त्याच दिवशी परत देईल. शाळेतले दोन शिक्षक हे सगळे लावून अर्ज भरून द्यायला तयार झाले आहेत. एखाद्याचा अर्ज मंजूर झाला तर आपल्या दोन दिवसांच्या मानधनाएवढी रक्कम त्यांना दर महिन्याला मिळेल, म्हणून या कामाकडे हलके पाहू नका.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या पट्ट्यात गावोगावी फटाके फुटले. आपल्या मातीतल्या नटाचे नाव दिल्लीत घेतले गेले, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. त्यांच्यासारखेच हंगामामागून हंगाम ज्यांनी काढले, पण ज्यांचे नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असायचे किंवा नसायचेच, अशी माणसे आपल्याला चालत जाऊन भेटता येतील इतक्या जवळ आहेत. त्यांचे काम आपल्या मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावे असे आम्हाला फार वाटते. शनिवारची दंडार तर अवश्य दाखवा. टाळ-ढोलकीवर गणाने सुरू होणारा तो खेळ आता मोजक्याच लोकांना पूर्ण येतो. आपल्याकडे येणाऱ्या चमूतल्या बुजुर्गांना गण, झडत्या आणि संवाद सगळे तोंडपाठ आहे, लिहिलेले काहीच नाही. म्हणून दोन्ही दिवसांचे पूर्ण चित्रीकरण करणार आहोत. गावातलाच, नागपुरात व्हिडिओचे काम करणारा मुलगा ते विनामूल्य करून देणार आहे. त्याची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक प्रत्येक कलावंताच्या घरी राहील.

नागपूर, चंद्रपूर, पुणे, हैदराबाद, जिथे कुठे आपली मुले कामाला आहेत त्यांना सांगणे : दोन दिवसांची रजा काढा आणि घरी या. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशनला उतरलात तर तिथून गावापर्यंत आणायची सोय होईल, आधी कळवा. येणे जमत नसेल तर तुमच्या एका दिवसाच्या कमाईइतकी रक्कम पाठवा.

देणगी मंडळाच्या बँक खात्यातच जमा करावी. खात्याचा क्यूआर कोड ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला आहे. फलकावरच्या नावाशी खात्याचे नाव जुळते का ते पाहूनच पैसे पाठवा. रोख द्यायची असल्यास कोषाध्यक्षांकडे किंवा रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत रंगमंचाशेजारच्या वाचनालयात द्यावी आणि छापील पावती घेतल्याशिवाय उठू नये. पावतीपुस्तक घेऊन घरोघरी फिरणारी माणसे मंडळाने नेमलेली नाहीत, तसे कोणी आले तर देऊ नका. मंडळाला आयकरात सवलत देणारे प्रमाणपत्र नाही, हेही आधीच सांगतो. धान्य आणि साहित्य वाचनालयातच स्वीकारले जाईल, त्याचीही नोंद होईल. देणगीदाराचे नाव जाहीर करायचे नसेल तर तसे सांगावे.

दुरुस्तीसाठीची मदत मकर संक्रांतीपर्यंत, बाकीची कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीपर्यंत पोचावी. काही रक्कम उरली तर ती ज्यांचे अर्ज मंजूर व्हायचे आहेत त्या ७ कलावंतांमध्ये सारखी वाटली जाईल. जमा-खर्चाचा पूर्ण हिशोब होळीच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, आणि कोणालाही वाचनालयात येऊन पावत्या तपासता येतील.

आपले,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व सर्व सभासद,
गावचे नाट्य मंडळ