धक्क्यासमोरचा खेकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अलास्काच्या क्रूझवरचा लेख वाचला. हिमनद्यांचं वर्णन झकास आहे. पण खाण्याच्या परिच्छेदात, बोटीतून उतरल्या उतरल्या धक्क्यासमोरच किंग क्रॅब खाऊन घ्यावा असं सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये हाच सल्ला ऐकून आम्ही चांगलेच फसलो.

मी मालवणची. चाळीस वर्षं घरचा मासा मीच आणते आणि कल्ला उचलून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. मुलगी-जावई सिअ‍ॅटलला असतात, त्यांनी आम्हा दोघांना सात दिवसांच्या बोटीवर नेलं. पहिल्या बंदरात जावई म्हणाले, वेळ कमी आहे, समोरच बसू. रांग ही लांब! पुढ्यात आल्या त्या खेकड्याच्या तंगड्या, सोबत वितळलेलं लोणी. चव म्हणाल तर खारट पाणी, आणि मांस चोथ्यासारखं धाग्याधाग्यांनी सुटत होतं. एका माणसाच्या ताटाचे ऐंशी डॉलर, वर टिप. ह्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

रात्री बोटीवर जावयांनी शोधून काढलं. लाल किंग क्रॅब बहुतेक येतो तो बेरिंग समुद्रातून, त्या बंदरांपासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. तिथला मोठा हंगाम १५ ऑक्टोबरला उघडतो, आणि खेकडे कमी झाले म्हणून २०२१ आणि २०२२ साली तर उघडलाच नव्हता. पकडलेला खेकडा कारखान्यातच उकडून गोठवतात. म्हणजे मे ते सप्टेंबर जी माणसं बोटीने तिथे जातात, त्यांच्या ताटात ताजा किंग क्रॅब येणार तरी कुठून? आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तरी पर्यटक ‘ताजी सुरमई’ मागतात आणि त्यांना ती मिळतेसुद्धा. तसलाच प्रकार. मी मालवणची असून फसले, याचीच जास्त लाज वाटली.

दोन दिवसांनी केचिकन आलं. आठेक हजार वस्तीचं गाव, आणि गर्दीच्या दिवशी त्याहून जास्त माणसं बोटींतून उतरतात. पाऊस आपल्या रत्नागिरीएवढा, फक्त बारा महिन्यांत वाटून दिलेला. धक्क्यावर उतरलं की दागिन्यांची दुकानंच दुकानं (माशाच्या गावात हिरे कोण घेतं, देव जाणे). मी म्हटलं, आज मी नेईन तिकडे चला.

वाटेत ओढ्यावर खांब रोवून बांधलेली क्रीक स्ट्रीट लागते. पुलावरून खाली बघितलं तर पाणी दिसेना, नुसते मासे. हे पिंक सॅल्मन, कुबड आलेले, अंडी घालायला वर चढणारे. शेजारी एक बाई वेटरला विचारत होत्या, हाच मासा मिळेल का. तो हसला. गोड्या पाण्यात शिरला की सॅल्मन खाणं सोडतो, अंगातली चरबी जाळत वर चढतो आणि मांस बेचव होत जातं. खायचा तो समुद्रातच पकडलेला.

पुढे थॉमस बेसिनमध्ये मच्छीमारांच्या बोटी लागतात, तिथवर गेलो. दोन्ही बाजूंना लांब काठ्या उभारलेल्या ट्रोलर बोटी, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या. जवळच एक टपरीवजा जागा होती. चार बाकडी, आणि तपकिरी रबरी बूट घातलेली दोन-तीन माणसं जेवत बसलेली. मच्छीमार जिथे जेवतो तिथे बसावं, हे आम्हाला आईने शिकवलेलं. गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, आज काय आलंय? त्याने एका दमात सांगितलं: कोहो (सॅल्मनचीच एक जात) आजचा, हॅलिबट कालचा, किंग क्रॅब फ्रोजन. एवढं सरळ उत्तर मला आमच्या बाजारातही मिळत नाही.

मी म्हटलं, कोहो दाखव. मुलगी शरमली, पण त्याने खरंच आणून दाखवला. सवयीने कल्ला उचलायला गेले तर कल्लेच नाहीत! ट्रोलरवर मासा गळाला लागला की लगेच रक्त काढतात, मग कल्ले, आतडी साफ करून बर्फात भरतात. माझी चाळीस वर्षांची परीक्षा तिथेच संपली. मग बोटाने पाठ दाबली, खळगा लगेच भरून आला. वास समुद्राचा. म्हटलं, टाक तव्यावर.

मीठ कमी होतं, बाकी तक्रार नाही. काट्याने हात लावला की पापुद्रे सुटत होते. ह्यांनी घेतलेला हॅलिबट म्हणजे आपल्या लेपाचा थोरला भाऊ, दोन्ही डोळे एकाच अंगाला. मांस पांढरंशुभ्र, पण मसाल्याशिवाय मला तरी सपक वाटला. चौघांचं मिळून बिल त्या दिवशीच्या एका खेकड्याच्या ताटापेक्षा थोडंसंच जास्त.

आणखी एक सांगते, कारण आपले लोक इथेच चकतात. मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण रावसाचा सॅल्मनशी काही संबंध नाही. अलास्कात सॅल्मन पाच जातींचा: किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. भाव वेगळे, चव वेगळी. पिंक पुष्कळसा डब्यात जातो. चमला ‘डॉग’ म्हणतात, म्हणून मेनूवर त्याचं नाव ‘केटा’ करतात. आणि ‘अटलांटिक सॅल्मन’ लिहिलेलं दिसलं तर सरळ उठावं. अलास्कात १९९० पासून मत्स्यशेतीला बंदी आहे, त्यामुळे तो पिंजऱ्यात वाढवलेला मासा बाहेरून आणलेला असतो.

आपल्या लेखकांनी ‘तिथला ताजा सॅल्मन खाल्ला’ असं लिहिलं आहे. पाचांपैकी कुठला, तेवढं पुढच्या पुरवणीत छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, मालवण