चौथ्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

"अगं, एवढं काय त्यात!" असंच म्हणाल तुम्ही. तरी लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्यासारखं माणूस नेरुळमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहतं हे लोकांना कळायला हवं.

अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी सोडताना हॉस्पिटलनं हातात आहाराचा छापील कागद दिला. प्रोटीन वाढवा. यातलं काहीच खात नसतील तर काय करू, म्हणून विचारलं, तर मान वर न करता उत्तर आलं, "त्यात सगळं लिहिलंय." लिहिलं होतं सोयाबीन, पनीर, मोड आलेली कडधान्यं. देवगडच्या माणसाला! डबा लावला, तर रश्शात शेपटीकडचा तुकडा, नुसते काटे. नातेवाइकांनी फोनवरून सल्ले भरपूर दिले, घरी कुणी फिरकलं नाही. अजून राग जात नाही माझा.

अप्पा "भूक नाही" म्हणायचे ते का, हे यांतल्या एकानंही विचारलं नाही. तुम्ही दहा मिनिटं बसलात आणि ओळखलंत. त्यांची नजर अधू झाली आहे, काटा दिसत नाही. आणि जन्मभर बांगड्याचा मणका दोन बोटांत अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवणाऱ्या माणसाला लेकीनं निवडून दिलेला घास जात नव्हता.

त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बाजारात बहुतेक बर्फातली मासळी. तुम्ही खाली गेलात आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलानं आणलेला ट्यूनाचा डबा, ब्रेड आणि चीज घेऊन वर आलात. "कुपाच आहे हो अप्पा, डब्यातला." अप्पांनी नाक मुरडलं, आमच्याकडे कुप्याला सुरमईचा मान नाही.

डब्यातलं खारं पाणी निथळलंत आणि वाडगा माझ्याकडे न देता सरळ अप्पांच्या मांडीवर ठेवलात. "तुम्ही कुस्करा. काटा लागला तर सांगा, नाव बदलीन."

काकू, मी तिथेच उभी होते. कारखान्यात मासा आधी शिजवतात, कातडी-काटे काढतात आणि मगच डब्यात भरतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी तुम्ही त्यांना शोधू दिलंत. ते एकेक पदर बोटांनी चाचपत राहिले, तुम्ही घाई केली नाहीत, मध्ये हात घातला नाहीत. वाडगा परत करताना अप्पा म्हणाले, "साफ आहे. कांदा बारीक चिर, मिरची घाल, लिंबू पीळ. मीठ नको, आधीच खारट आहे." कितीतरी दिवसांनी त्यांनी मला स्वयंपाकातलं काही सुनावलं.

पुढचं काम तव्याचं. बाहेरून लोणी, आत कुपा आणि किसलेलं चीज, मंद आच, वर झाकण. चीज कडेनं ओघळून तव्यावर तांबूस, जाळीदार झालं, तेही अप्पांनी उलथन्यानं खरवडून मागितलं. पाव म्हणजे जेवण नव्हे म्हणणारे अप्पा! दुसरं सँडविच मागताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं.

मदत करणारे भेटतात हो. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता मदत करणारी माणसं फार थोडी, आणि ती कुठल्या मोठ्या पदावर नसतात. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या माहेरानं तुम्हाला मासळीची पारख दिली असेल, माणसाची पारख मात्र तुमची स्वतःची आहे.

आता संध्याकाळी वाडगा अप्पा स्वतःच मागून घेतात. डबे मी वाशीहून आणते, तुमच्या मुलाचे संपवून टाकले आहेत.

आणि एक निरोप आहे. नारळी पौर्णिमा झाली की अप्पांना वॉकर घेऊन दिवाळ्याच्या बाजारात जायचं आहे. माझ्याबरोबर नको म्हणतात, मला भाव करता येत नाही. तुम्ही याल का, असं विचारायला सांगितलं आहे.

तुमची,
सहाव्या मजल्यावरची