तुम्ही फरशी पुसलीत त्याबद्दल

मास्तर,

परवा फोनवर बोलताच येईना, म्हणून मी तो ठेवून दिला. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी रागावल्या की काय. रागावले नव्हते, रडू आवरत नव्हतं. तुम्ही आमच्या यांचा नवा कृत्रिम पाय घडवलात, त्याबद्दल आता शांतपणे लिहिते. चारचौघांनी वाचावं म्हणून मुद्दाम उघडं लिहिते.

आमच्या यांचा पाय गेला २००२ साली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये फौज महिनोन् महिने सीमेवर उभी होती. लढाई पेटलीच नाही, पण सुरुंग पेरलेले होते आणि ते पुन्हा उचलायचे होते. त्या कामात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कळव्यात कुणी विचारलं, "कारगिलला का?" आणि हे "नाही" म्हणाले की समोरच्याचा चेहरा पडतो. जणू आमच्या पायाचं मोल तेवढ्यानं कमी झालं.

पहिला पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवला. १९४४ सालापासून फौजींना उभं करणारी जागा ती. दोन दांड्यांना धरून यांनी तिथे पुन्हा पहिली पावलं टाकली, त्या लोकांचे उपकार आहेतच. तेव्हा हे नोकरीत होते, अंगावर वर्दी, पायात बूट. अनवाणी चालायचा प्रश्नच आला नाही.

तो आला निवृत्तीनंतर, मुलाच्या नोकरीपायी कळव्यात राहायला आल्यावर. पाय बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला. बूट काढला की टाच खाली जाते, गुडघा मागे ढकलला जातो आणि माणूस मागच्या मागे कलतो. हे मला तुम्ही समजावलंत तेव्हा कळलं. तोवर एवढंच दिसायचं की हे कुणाच्या घरी जात नाहीत. आपल्याकडे उंबऱ्याशी पायताण काढल्याशिवाय आत कोण जातं? शेजारी सत्यनारायण असला की यांना बरोबर तेव्हाच बँकेत काम निघायचं. ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या देवळात मी आत जायची आणि हे तलावपाळीच्या कठड्याला टेकून उभे. "तू ये जाऊन, मी चपला सांभाळतो." किती वर्षं मी ते खरं मानलं!

तुमच्याआधी एका दुकानात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथला माणूस सगळं माझ्याशी बोलला, यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धीर करून मी अनवाणी चालायचं विचारलं. म्हणाला, "काकू, आता या वयात घरात बूट घातले तर काय बिघडतं?" पैसे मात्र आधी मोजून घेतले. त्याच्या सॉकेटनं, म्हणजे उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिनं, नडगीच्या टोकाला जखम झाली आणि ऐन पावसाळ्यात हे दोन महिने कुबड्यांवर. आणखी एक आठवण सांगतेच. एका सत्काराला यांना सन्मानानं बोलावलं, शाल-श्रीफळ तयार, स्टेजला मात्र सहा पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. शेवटी दोन कार्यकर्त्यांनी काखेत हात घालून वर चढवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल यांनी आजवर अंगावर घेतलेली नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा हे दारात थबकले. तुम्ही विचारलंत, "साहेब, घरात पायात काय घालता?" हे गप्प. मग म्हणाले, "बूट." तुम्ही पुढे काहीच विचारलं नाहीत. प्लास्टरच्या भुकटीनं पांढरी झालेली ती फरशी, तुम्ही बादली आणलीत, फडकं पिळलंत आणि खाली बसून भिंतीपासून भिंतीपर्यंत पुसून काढलीत. पोऱ्या धावत आला तर त्याला म्हणालात, "राहू दे, मी करतो." मग स्वतःच्या चपला बाहेर काढून आलात आणि म्हणालात, "आता बूट काढा. कसे कलताय ते मला बघू द्या."

पुढचं माप, जांभळ्या पेन्सिलीच्या खुणा, दर आठवड्याची घासाघीस, ते काम तुमचं, त्यातलं मला काय कळणार. माझ्या डोळ्यांपुढे ओली फरशी आहे. बावीस वर्षांत या माणसासाठी कुणी अशी जमीन तयार करून ठेवली नव्हती.

काम करता करता तुम्ही यांना जयपूरच्या रामचंद्र शर्मांबद्दल सांगितलंत. मूळचा कारागीर माणूस, डॉ. सेठींच्या जोडीनं रबराचा पाय घडवला, का तर आपली माणसं मांडी घालतात, उकिडवी बसतात, शेतात अनवाणी जातात. ते ऐकून हे मला घरी म्हणाले, "म्हणजे मीच एकटा हट्टी नव्हतो."

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ६५च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक आणलं. त्यांचं नाव घेतलं की आमची मान ताठ होते. पण प्रत्येक जखमी फौजीनं पदकच आणावं असं लोकांना का वाटतं कोण जाणे. काहींना फक्त समोरच्या घरी जाऊन सतरंजीवर बसून प्रसाद खायचा असतो. तेवढं मागितलं की "या वयात कशाला!"

आता फोनवर राहिलेली गोष्ट. सोमवारी हे कौपिनेश्वराला आत आले. तुम्ही सांगितलेल्या सपाट तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला यांनी स्वतः बाहेर काढल्या, माझ्याही शेजारी लावल्या. पिंडीपुढे किती वेळ उभे होते, मागच्या बाईनं दोनदा "चला काका" केलं. बाहेर येऊन बघतो तर माझ्या चपला जागेवर आणि यांच्या गायब! मी चिडले, नव्याकोऱ्या होत्या. हे मात्र हसत सुटले. रिक्षावाल्याला सांगितलं, "माझ्या चपला देवळातून चोरीला गेल्या." घरी आल्यावर सुनेला, मग मुलाला फोनवर, मग लिफ्टमध्ये भेटलेल्या जोशीकाकांना. चेहरा असा की लॉटरी लागली.

रिक्षापर्यंत अनवाणी चालल्यामुळे रबराचं पाऊल काळंकुट्ट झालंय. मी साबण लावणार होते, हे लावू देत नाहीत, "मास्तरांना विचार आधी." तर ते कशानं धुवायचं, तेवढं कळवा.

तुमची,
कळव्याच्या वहिनी