औषधाच्या बाटलीवर मराठीत दोन ओळी लिहून द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आषाढ लागला की घराघरात एक तरी पोर तापलेलं असतं. तिकडं जांबोटी-कणकुंबीला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, इकडं आमचे कपडे वाळत नाहीत. दारं-खिडक्या लावून चार लेकरं एका खोलीत झोपतात. एकाला सर्दी झाली की आठवड्यात सगळ्यांची नाकं वाहायला लागतात. पुढं गणपतीला गोव्याला कामाला गेलेली माणसं घरी येतात, घर भरतं आणि खोकल्याची दुसरी फेरी सुरू होते. हे दरवर्षीचंच आहे. पण यंदा आमच्या घरात जे होता होता राहिलं, ते कळवावं म्हणून लिहायला बसले.

मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. आपला पेपर रोज वाचते. घरात दोन नातवंडं, थोरला पाच वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. दोघांनाही एकदमच ताप आला. डॉक्टरांनी थोरल्याला तापाचं औषध पाच मिली सांगितलं, धाकटीला थेंबांची बाटली दिली, एका वेळेला एक मिली. दोन्ही औषधं पॅरासिटामॉलच. थेंबांच्या बाटलीचा ड्रॉपर कुठंतरी पडला म्हणून ती नुसतं बूच लावून देवळीत ठेवली होती. रात्री दीड वाजता थोरला फणफणला. लाईट गेलेली. मी मोबाईलच्या उजेडात बाटली काढली, मापाच्या टोपणात पाचच्या रेघेपर्यंत औषध ओतलं आणि त्याला उठवून बसवलं. टोपण ओठाला लागणार तेवढ्यात सून मागून ओरडली, "आत्या, थांबा! ती बाळाची बाटली हाय."

मला वाटलं, बाळाचं म्हणजे सौम्यच असणार, त्यात काय बिघडतंय? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या समोर ठेवून समजावलं, तेव्हा माझे हातपाय गार पडले. थोरल्याच्या बाटलीत पाच मिलीत २५० मिलिग्रॅम औषध असतं. थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीत १००. म्हणजे मी त्याला ५०० पाजणार होते, पुरतं दुप्पट. एखाद्या वेळेला निभावतंही, पण दर सहा तासांनी दोन दिवस तेच दिलं तर लिव्हरवर येतं, असं ते म्हणाले. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तान्ह्या बाळाचं औषध थोड्या थेंबांत मावावं म्हणून घट्ट केलेलं असतं, हे मला साठीत कळलं.

बाटलीवर हे सगळं छापलेलं आहे. पण इंग्रजीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरात. खोकल्याच्या औषधाचंही तेच. सर्दी-खोकल्याच्या एका नेहमीच्या मिश्र औषधावर "४ वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला कंपन्यांना २०२३ मध्ये सांगितलं गेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं विषारी भेसळीच्या सिरपनं लेकरं दगावली. तेव्हा केंद्रानंही दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा, असं कळवलं. आमच्या गल्लीतल्या किती बायकांना हे माहीत आहे? दुकानातून "पोराला खोकल्याचं द्या" म्हणून बाटली आणणं अजून चालूच आहे.

सरकारी तक्ते, पत्रकं येतात ती कन्नडमध्ये. कन्नडमध्ये यायलाच हवीत, राज्याची भाषा आहे. शेजारची कन्नड बोलणारी आजी औषधाची बाटली घेऊन माझ्या सुनेकडंच वाचायला येते, कारण इंग्रजी तिलाही येत नाही. दोघी आज्या एकाच अंधारात चाचपडतोय. पण जिथं भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे सरकारनं केव्हाच मान्य केलेलं आहे. सीमाभागात या विषयावर मोर्चे निघाले, पिढ्या गेल्या. लेकराच्या तापाच्या कागदासाठी तरी कुणाला वाद घालावा लागू नये. एकाच कागदावर वर कन्नड, खाली मराठी, एवढं झालं तरी पुरे.

डॉक्टर आणि औषध दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की खोक्यावर पेनानं, मराठीत, मुलाचं नाव, किती मिली आणि किती वेळा, एवढं लिहून द्या. एक मिनिट लागत नाही.

आणि संपादक महाराज, आपण पावसाळाभर आठवड्यातून एकदा एक चौकट छापावी. त्यात काय असावं तेही सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे घरात वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. जुलाबात द्यायच्या ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पुरतं ओतायचं. पेल्यात चिमूटभर टाकून भागत नाही, मीही वर्षानुवर्षं तसंच करत होते. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, खरा धोका त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. आणि श्वास मोजणं. हे मला आशाताईंनी शिकवलं. पोर शांत असताना अंगातला झबला वर करायचा, पोटाकडं बघायचं आणि घड्याळ लावून पुरता एक मिनिट मोजायचं. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा छाती आत ओढली जात असली, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करायचा. पोर पाणी पीत नसेल, लघवी होत नसेल, हाका मारून डोळे उघडत नसेल तरीही तेच.

आता आमच्या देवळीतल्या थेंबांच्या बाटलीला मी लाल दोरा बांधलाय. मुलानं चिकटपट्टीवर "बाळाचं – १ मिली" असं ठळक लिहून लावलंय. ड्रॉपरही सापडला, पाळण्याखाली होता.

आपली नम्र,
एक आजी
नंदगड परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव