डायलिसिसनंतरच्या एका तासासाठी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : डायलिसिस केंद्रांत रुग्णांच्या विसाव्याची सोय करण्याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेली चार वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतो. एका वेळेचे चार तास धरले तर वर्षाला १५६ वेळा आणि ६२४ तास होतात. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे सवयीने पुढचा भागाकारही केला, तर २६ पूर्ण दिवस आले. वर्षातला जवळजवळ एक महिना मी यंत्राला जोडलेला असतो. यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण त्याच्यामुळेच हे पत्र लिहायला मी आहे. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार बसतो, म्हणून माझ्यासारख्यांची शेती अजून शाबूत आहे. हे कृतज्ञतेने नोंदवूनच पुढचे लिहीत आहे.

प्रत्येक वेळी यंत्रावरून सोडताना तिथली परिचारिका आपुलकीने सांगते, ‘काका, आता घरी जाऊन आराम करा.’ माझे घर तिथून ५२ किलोमीटरवर आहे. दुपारची गाडी गेलेली असते आणि पुढची येईपर्यंत दीड-दोन तास स्थानकावर काढावे लागतात. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या तिकिटात सवलत आहे, परंतु ज्याचा रक्तदाब नुकताच उतरला आहे, पायात गोळे आले आहेत आणि हातावर सुयांच्या जागी पट्टी आवळलेली आहे, त्याला सवलतीपेक्षा त्या घटकेला आडवे होण्याची गरज असते. ती जागा रुग्णालयात नाही, कारण आमची खाट पुढच्या पाळीच्या रुग्णासाठी लगेच मोकळी करावी लागते, आणि त्यात त्या रुग्णाचा काहीच दोष नाही. मागील पावसाळ्यात मी स्थानकाच्या बाकावर बसल्या बसल्या घेरी येऊन कलंडलो, तेव्हा एका अनोळखी भाजीवालीने तिची रिकामी पाटी उशाला दिली होती. इतका चांगला विसावा मला त्यानंतर कुठल्याही केंद्रात मिळालेला नाही.

आराम म्हटले की तो चैनीचा विषय वाटतो आणि औषधे, यंत्रे, मनुष्यबळ यांच्या यादीत त्याचा क्रमांक शेवटी लागतो. हाड मोडलेला किंवा ताप आलेला माणूस चार दिवस कडक बाकावर काढतो, कारण आपण बरे होणार हे त्याला ठाऊक असते. दीर्घ आजाराच्या माणसाला ती सोय नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले तर गोष्ट वेगळी, परंतु ते सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि मग ‘बरे होईपर्यंत सोसा’ या सल्ल्याला अर्थच उरत नाही. आम्हाला आजारात राहूनच जगायचे आहे, त्यामुळे खाट कशी आहे, खोली किती गार आहे, बाहेर बसायला जागा आहे की नाही या गोष्टी आमच्या आयुष्याच्या आतल्या आहेत.

थंडीचेच घ्या. यंत्र मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त शरीराबाहेर काढून नळ्यांतून फिरवते आणि गाळून परत देते, त्यामुळे अनेकांना चार तास हुडहुडी भरते. त्यात खोलीतला एसी सुरूच असतो. सौभाग्यवतीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली होती, ती मी पहिल्या महिन्यात सोबत नेली. बाहेरचे पांघरूण आत चालणार नाही, असे सांगून ती परत पाठवण्यात आली. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे आणि नियमही योग्य आहे. परंतु मग रुग्णालयाचे धुतलेले पांघरूण प्रत्येकाला मिळाले पाहिजे, आणि माझ्या अनुभवात बारा जणांत चारच पांघरुणे असतात. ज्या हातात फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, आहे तो हात चार तास हलवायचा नसतो. त्याखाली ठेवायला एक लहान उशी असावी, एवढीही मागणी मला आता संकोच न करता करावीशी वाटते.

घरच्या सोयी आम्ही आपापल्या शोधून काढल्या आहेत. दिवसभरात किती पाणी प्यायचे हे मोजून दिलेले असते आणि तहान मात्र मोजून लागत नाही, म्हणून मी वाटीभर पाण्याचा बर्फ करून एक-एक खडा तोंडात धरतो. उन्हाळ्यात गावात कुणाकडे गेलो की शहाळे पुढे येते. त्यातल्या पोटॅशियममुळे ते मला वर्ज्य आहे, हे समजावून सांगताना यजमानांचे तोंड उतरते आणि माझेही. रात्री अंगाला खाज सुटते, तेव्हा ओले फडके अंगावरून फिरवून अंगणातल्या बाजेवर पडतो. फिस्टुलाच्या हातावर निजायचे नसते, म्हणून उजव्या कुशीची सवय लावून घ्यायला मला सहा महिने लागले. या गोष्टी कोणत्याही पत्रकात नव्हत्या, त्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णांनी शिकवल्या. एखादा समुपदेशक महिन्यातून दोनदा जरी केंद्रात आला, तरी नव्या रुग्णाचे पहिले वर्ष पुष्कळ सुसह्य होईल.

या सर्वांपेक्षा अधिक शांती कशाने मिळते, असे विचाराल तर उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल : पाळीची वेळ ठरलेली असण्याने. आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि सकाळची पाळी दुपारची होते. यंत्र नादुरुस्त झाले, पाणी शुद्ध करणारा संच बंद पडला, ही कारणे मी समजू शकतो. एका रुग्णामागे एका वेळी सुमारे १२० लिटर द्रव लागतो, त्यामुळे पाण्याशिवाय काही होणार नाही हे उघड आहे. परंतु अनेकदा कारण सांगितलेच जात नाही. उद्या आपला नंबर लागेल की नाही, या विचारात गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी यंत्राला भरून काढता येत नाही.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. प्रत्येक सरकारी आणि योजनेतील डायलिसिस केंद्राला लागून तीन-चार खाटांची एक खोली असावी, जिथे लांबून आलेल्या रुग्णाला डायलिसिसनंतर किमान एक तास आडवे होता येईल आणि त्याच्या सोबतच्या माणसालाही जिन्याच्या पायरीऐवजी बाकावर बसता येईल. तिला विसावा म्हणावे. पालख्यांच्या वाटेवर हा शब्द आपल्याला परका नाही. धुतलेली पांघरुणे रुग्णसंख्येइतकी असावीत. पाळीचे वेळापत्रक महिन्याचे असावे आणि बदल झाल्यास कारणासह कळवावा. केंद्राची तपासणी करणाऱ्यांच्या तक्त्यात या तीन बाबींचे रकाने घालावेत, कारण जे तक्त्यात नसते त्यासाठी निधीही नसतो, हे मी शाळेत असताना पुरेसे पाहिले आहे. घरी, पोटाच्या पडद्यातून करायच्या डायलिसिससाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्यांच्या प्रकृतीला आणि घराला ते झेपेल, त्यांना तो पर्याय सुरुवातीलाच समजावून सांगितला, तर काही रुग्णांचा हा प्रवासच टळेल. मला तो कुणी सांगितला नव्हता.

माझी पाळी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते. आपण एखाद्या केंद्राला भेट देणार असाल, तर कृपया आधी कळवू नये, कारण स्वागताच्या तयारीत आमची पाळी पुढे ढकलली जाते. खोलीत एक खुर्ची रिकामी असते. तिच्यावर पूर्ण चार तास बसावे आणि नंतर आमच्यापैकी कुणाबरोबर तरी स्थानकापर्यंत चालत यावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक डायलिसिस रुग्ण